बाणातला ण

१८ नोव्हेंबर १९९७, मंगळवार
कंपनीने दिलेली डायरी जानेवारीपासून कोरी पडली होती. आजपासून लिहिणार. विषय एकच. थेरेसाबाई.

दिवाळीची सुट्टी संपून दुसराच दिवस आणि बाईंनी आमच्या आर्याला शाळेतल्या स्कॉलरशिपच्या वर्गातून काढलं. का, तर शुद्धलेखन कच्चं. दहात चार. पानी, लोनी, कोन, अंगन, दाने, चांदने. सहा लाल फुल्या आणि खाली शेरा, 'पालकांनी भेटावे.' भेटतो की! चांगलाच भेटतो.

पोरगी जेवली नाही. तिची मैत्रीण विनिता त्या वर्गात आहे, ही एकटीच बाहेर. रडून रडून झोपली.

१९ नोव्हेंबर, बुधवार
हाफ डे टाकून शाळेत गेलो. बाई वसईतल्या पापडी गावच्या. आवाज अगदी हळू. हळू बोलणाऱ्या माणसांवर माझा कधीच विश्वास नव्हता. त्यांनी विचारलं, घरी अभ्यास कोण घेतं? म्हटलं, मी. रोज. शिस्तीत. मग म्हणाल्या, जरा 'पाणी' म्हणून दाखवता का? मी खणखणीत म्हणालो, पाणी. बाई म्हणाल्या, परत एकदा. परत म्हणालो, आणखी मोठ्याने. दाराशी शिपाई खोकला. बाईंनी खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाल्या, चहा घेणार का?

निदान जागच्या जागी झालं. बाईंना कमी ऐकू येतं.

मला ण शिकवतात! चांदीपच्या शाळेत गुरुजींनी माझ्याकडून पाटीवर शंभर वेळा ण गिरवून घेतलाय. आजतागायत लिहिताना हात चुकलेला नाही, ही डायरी साक्षीला आहे. गावी आमची आई 'पानी' म्हणते, 'कोन' म्हणते, मान्य आहे. म्हणून तर मी बोळिंजला फ्लॅट घेतला. म्हणून तर आईला इथे दोन दिवसांच्या वर ठेवून घेत नाही. पोरीच्या कानावर नको ते पडायला नको.

२० नोव्हेंबर, गुरुवार
निर्णय झाला. आर्या त्या शाळेत पाऊल ठेवणार नाही. ऑफिसातल्या पेपरात वाचलं, अमेरिकेत लोक मुलांना घरीच शिकवतात. मग बोळिंजमध्ये का नाही? शाळा घरी. नाव 'ज्ञानांगण'. जागा बाल्कनी. नवीन काही विकत आणायचं नाही, घरात आहे त्यातच भागवायचं.

फेब्रुवारीच्या परीक्षेत आर्या ठाणे जिल्ह्यात पहिली. सत्काराला बाईंना मुद्दाम बोलावणार. पहिल्या रांगेत नाही, दुसऱ्या रांगेत बसवणार. भाषणात सगळ्यांचे आभार मानणार, शिपायाचेसुद्धा. त्यांचे नाही.

शाळेला जळजळीत पत्र लिहिलं, दोन पानी. मला ८.१२ ची गाडी असते, म्हणून पत्र बायकोकडे, सुमेधाकडे दिलं. ती म्हणाली, एकदा शांतपणे माझं ऐका. म्हटलं, आता ऐकायची वेळ गेली. साताऱ्याकडची माणसं फार सोशिक.

२३ नोव्हेंबर, रविवार
बाल्कनीत पाण्याचं पिंप आहे. हलवावं तर टँकर आल्यावर भरायचं कुठे? ते तिथेच राहिलं. वर फळी टाकली, टेबल तयार! पाणी काढायचं तर टेबल उचलायचं, एवढीच अडचण.

बेडरूमच्या जुन्या दाराचा फळा केला. आमची रंगाचीच कंपनी, काळ्या रंगाचा सँपल डबा पडून होता. दोन हात मारले. झकास.

२४ नोव्हेंबर, सोमवार
फळ्यावर खडू घसरतो. फळ्याचा रंग वेगळा असतो म्हणे, हा ग्रिलला मारायचा चकचकीत निघाला. आर्या त्यात बघून वेण्या घालते. दोष कंपनीचा. डब्यावर लिहायला नको?

२५ नोव्हेंबर, मंगळवार
अडचण एकच. मी सकाळी जातो तो संध्याकाळी साडेसातला येतो. मग शिकवणार कोण? सुमेधा म्हणाली, मी आहे की दिवसभर घरी. तिला समजावलं, शिकवणं म्हणजे पोळ्या लाटणं नाही. तिला घंटेचं काम दिलंय. देवघरातली घंटा. तास संपला की वाजवायची. 

ऑफिसात जेवताना आयडिया सुचली. कॅसेट!

२७ नोव्हेंबर, गुरुवार
आमच्या लग्नातल्या सनईची कॅसेट घेतली, भोकांवर सेलोटेप लावला आणि टू-इन-वनमध्ये टाकून रेकॉर्डिंग केलं. अख्खी एक बाजू. शब्द, मग थांबायचं, मग शब्द. प्रत्येक ण ला मुद्दाम खुलासा केला, 'बाणातला ण, नळातला नाही.' असा शिक्षक कुठल्या शाळेत मिळेल? मी परत लावून ऐकलं नाही. जो बोललाय त्याने परत कशाला ऐकायचं.

बाईंना तिसऱ्या रांगेत.

३० नोव्हेंबर, रविवार
टँकर आला. पाण्याचं सगळं सोसायटीने माझ्यावर टाकलंय. मी गच्चीवरून आवाज दिला की चारही विंग बादल्या घेऊन खाली. पोरं प्रेमाने 'पानीवाले काका' म्हणतात. माझीच नक्कल करून ओरडतात. हल्लीची पोरं हिंदीत बोलतात, त्याला इलाज नाही.

आर्याची वही तपासली. दहात दहा! सगळे ण जागच्या जागी. पाणी, लोणी, चांदणे. माझे डोळे भरून आले. तिला जवळ घेऊन विचारलं, कॅसेट समजते ना? म्हणाली, हो बाबा, 'बाणातला' आलं की समजतं. मग आईकडे बघून हसली. सुमेधा टेबल उचलून पाणी काढत होती.

४ डिसेंबर, गुरुवार
आर्याने विचारलं, मी शाळेत कधी जाणार? म्हटलं, ही काय शाळा! म्हणाली, इथे विनिता नाही. म्हटलं, थोर माणसं एकटीच शिकतात. मग ती पिंपाच्या टेबलावर डोकं टेकून बसली. मला कसंसंच झालं. ते बाईंच्या खात्यावर टाकलं. पाचवी रांग.

९ डिसेंबर, मंगळवार
१३ ला शाळेत पालकसभा. पत्रक अजून आपल्या घरी येतं! नाव काढलं तरी पत्रक येतं, असा कारभार. पण बरं झालं. सत्कारापर्यंत थांबायची गरज नाही. शंभर पालकांसमोर कॅसेट लावतो आणि वही दाखवतो. ऐका म्हणावं, घरचे उच्चार! बाईंची रांगच नाही ठेवत. दाराबाहेर, चपलांपाशी.

सुमेधाला सांगितलं तर तिच्या हातातली कणीक खाली पडली. कॅसेट नका नेऊ, म्हणाली. एकदा तरी ऐका आधी. एवढी घाबरते ही.

१३ डिसेंबर, शनिवार
काय झालं ते लिहितो. डायरी आहे, लिहिलं पाहिजे.

आर्याला घेऊन गेलो. सुमेधाही आली. पुढच्या खुर्च्या भरलेल्या होत्या. मला शेवटच्या रांगेत पोरांच्या बाकावर जागा मिळाली. गुडघे छातीला.

थेरेसाबाई स्वतः चालत माझ्यापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, कांजिण्यांच्या खपल्या पडल्या का सगळ्या? मला वाटलं टोमणा आहे. मी उठलो आणि सरळ पुढे गेलो. टू-इन-वन टेबलावर ठेवला, प्लग लावला. म्हटलं, या शाळेने माझ्या घरच्या मराठीवर शंका घेतली. पुरावा ऐका. बटण दाबलं.

कॅसेटमधला माणूस म्हणाला, 'शब्द पयला. पानी.' मग म्हणाला, 'बानातला न. नलातला नाय.'

मला वाटलं चुकून गावाकडची कॅसेट आणली. मग तो माणूस म्हणाला, 'शब्द दुसरा. लोनी. बानातला न.' कॅसेटमध्ये मागे आमच्या पिंपावर झाकण पडल्याचा आवाज आला. आमचंच झाकण होतं. मधेच आलेला खोकलाही माझा होता.

लोक हसले. आधी कोपऱ्यातून, मग सगळे. शिपाई बाहेर निघून गेला. मला बटण सापडेना.  तेवढ्यात आर्या मागून पळत आली, तिने टेप बंद केला आणि सगळ्यांना मोठ्याने सांगितलं, माझ्या बाबांच्या टेपचे सेल गेलेत, म्हणून आवाज असा येतो.

टेप प्लगला लावलेला होता. सगळ्यांना दिसत होतं.

१३ डिसेंबर, रात्रीचं जेवण झाल्यावर
सुमेधाने सगळं सांगितलं. माझं पत्र तिने दिलंच नाही. 'कांजिण्या आल्यात, तीन आठवडे रजा द्यावी' अशी चिठ्ठी दिली होती. कॅसेटही रोज लावली नव्हती. एकदाच लावली, मग दोघी माझ्या आवाजाला खूप हसल्या, मग आर्याच म्हणाली, बाबांना सांगायचं नाही. रोज दुपारी डिक्टेशन सुमेधा घेत होती. मी विचारलं, दहा वर्षांत एकदाही सांगितलं नाहीस? म्हणाली, लग्नाच्या बैठकीत तुम्ही 'पानी' मागितलंत तेव्हाच मला कळलं होतं. मला आवडलं होतं ते.

बाईंनी सभेनंतर आर्याची परीक्षा घेतली. दहात नऊ. स्कॉलरशिपच्या वर्गात परत. माझ्याशी बोलताना म्हणाल्या, आमच्याही घरी निराळंच बोलतात, मी आजही आईशी तसंच बोलते. मी मान हलवली. एवढ्या हळू बोलल्या तरी सगळं ऐकू आलं.

सूड कोणावर घ्यायचा राहिला, हे आठवत बसलो. यादीत एकच नाव उरलं.

२० डिसेंबर, शनिवार
पिंपावरची फळी काढली. फळा आता आरसा म्हणूनच वापरतो. मी त्याच्यासमोर उभा राहतो आणि आर्या शिकवते. जीभ वर वळवायची, बाबा. आणखी वर. टाळूला लागली का? लागते, पण शब्द येईपर्यंत खाली घसरते.

आज तोंडी परीक्षा झाली. दहात दोन. लाल पेनाने. खाली शेरा, 'पालकांची सही आणावी.' म्हटलं, पालक मीच आहे. म्हणाली, माझे. तुमचे कोण?

२१ डिसेंबर, रविवार
चांदीपला गेलो. आईला वही दाखवली. ती साक्षरता वर्गात सही शिकली आहे, पण आकडे आधी वाचले. दोन बघून तिचा पारा चढला. कोन ती बाय, म्हणाली, दाखव मला, उद्याच येते तिच्याकडं! माझ्या जयवंताला दोन? तिला सगल्या गावासमोर उभी करते!

 तेच भांडण, तोच आवाज. चाळीस वर्षांत तिचा न मला आज पहिल्यांदा नीट ऐकू आला. कॅसेटमधला माणूस कोणाचा, ते तिथेच कळलं.

सांगितलं, बाई नाही गं, तुझी नात आहे. मग ती एकदम थंड झाली. इतक्या दिवसांनी आलास, म्हणाली, आदी पानी पी. तांब्या पुढे केला. प्यालो. तिला म्हटलं, चल बोळिंजला, या वेळी महिनाभर राहा. ती म्हणाली, दोन दिवस म्हन, तुला सवय नाय. मी सहीसाठी वही तिच्यापुढे केली.

तिने वेळ घेऊन सही केली. कमळी. उद्या सकाळी सात वाजता आर्याला वही दाखवायची आहे. उशीर झाला तर शेवटच्या रांगेत बसवते.