परसातल्या खोलीचं दार

५ जानेवारी २०२५, रविवार
आजपासून रोजनिशी. कारण निर्णय झाला आहे. परसात भाड्याची खोली बांधायची. खोली नव्हे, युनिट. काल मोबाइलवर व्हिडिओ पाहिला. अमेरिकेत लोक घरामागच्या रिकाम्या जागेत छोटं घर बांधतात, भाड्यानं देतात आणि निवांत बसतात. आमच्या परसात काय आहे? धुण्याचा दगड, एक शेवगा आणि आईच्या, म्हणजे अव्वाच्या, मैत्रिणी. एवढी प्राइम जागा वाया चालली आहे. आमच्या मुरुम गावात हे अजून कुणाला सुचलेलं नाही. शाळेत मला सगळे नुसता क्लार्क समजतात. समजोत.
बायकोला, म्हणजे शिवप्रियाला, सांगितलं. म्हणाली, आधी न्हाणीची कडी बसवा. कडी दिवाळीपासून निखळलेली आहे. पण प्रश्न कडीचा नाही, दृष्टीचा आहे.

१२ जानेवारी, रविवार
अव्वाला विचारलं. म्हणजे सांगितलं. परसाचं एक दार मागच्या गल्लीत उघडतं. दुपारची जेवणं झाली की गल्लीतल्या बाया त्या दारानं येऊन बसतात. धुरपताबाई तर कडीही वाजवत नाही. अव्वाचे गुडघे गेलेत, घराच्या पुढच्या पायऱ्या तिला उतरवत नाहीत. म्हणून तिचं सगळं येणंजाणं मागच्या दारानं, तेही दुसऱ्यांचंच.
अव्वा म्हणाली, "बांध की. दार तेवढं राहू दे." राहीलच, म्हणालो.

२६ जानेवारी
झेंडावंदन करून घरी आलो तर बिरदेव गवंडी हजर. पाया आखला. शेवगा तोडावा लागला. अव्वानं शेंगा आधीच काढून ठेवल्या होत्या. सहकार्याची वृत्ती आहे.

२ फेब्रुवारी, सकाळ
मोठा शोध लागला. वास्तूचा व्हिडिओ पाहून मोबाइलमधलं होकायंत्र मागच्या दारात धरलं. दार बरोबर दक्षिणेला. माझी बढती इतकी वर्षं का अडली, ते आज कळलं. हेडमास्तरांना उगाच दोष देत होतो.
अव्वा म्हणाली, "आपल्या लिंगायतात दिशा बघत न्हाईत. लिंग हातावर घेतलं की चारी दिशा सारख्याच." इन्व्हेस्टमेंटमध्ये धर्म आणू नये, असं मी तिला समजावलं.

९ फेब्रुवारी
दार बुजवलं. विटांचे चार थर झाले तेव्हा धुरपताबाई शेंगाची चटणी घेऊन आली. पलीकडूनच बिरदेवकडं डबा दिला. अव्वाला म्हणाली, "व्हय गं गंगम्मा, आता कुठनं यायचं आमी?" पुढच्या दारानं या, मी म्हणालो. गल्लीला वळसा, हमरस्ता, मग आमच्या पायऱ्या. त्या बायांचेही गुडघे काही नवे नाहीत, हे नंतर लक्षात आलं. चालण्यानं गुडघे सुधारतात असं वाचलं आहे.
अव्वा जेवली नाही. पोट बरं नाही म्हणाली. वयानुसार पचन मंदावतं.

२३ मार्च
युनिट तयार. बाहेरून पिस्ता कलर. बुजवलेल्या जागेलाही तोच दिला. शिवप्रियानं विचारलं, भाडेकरू आत येणार कुठनं? मी हसलो. मग विचारात पडलो. मग म्हणालो, घरातून. बैठक, स्वयंपाकघर, परस, युनिट. घरच्यासारखं वाटेल त्याला. शिवप्रिया उठून भांडी घासायला गेली. पटलं असावं.

१ एप्रिल
पहिला भाडेकरू. शिवराज, आपल्याच जिल्ह्यातल्या वाशीचा, इथं बँकेत लागला आहे. अविवाहित, शाकाहारी, नम्र. शाळेत सहज बोलता बोलता सर्वांना सांगितलं. ड्रॉइंगच्या सरांना दोनदा.

६ एप्रिल
किरकोळ अडचणी. शिवराज जाता-येता स्वयंपाकघराच्या दारात थांबतो आणि "येऊ का काकू?" विचारतो. रात्री पाणी आणायला निघाला तरी विचारतो. शिवप्रिया म्हणते, दिवसभर हो म्हणून म्हणून जीभ दुखली.
सकाळी अव्वाची लिंगपूजा स्वयंपाकघरातच असते. हातावर लिंग घेऊन ती डोळे मिटते आणि शिवराज परसाच्या दारात बॅग खांद्याला लावून हात जोडून उभा राहतो. ओलांडून कसं जायचं? बँकेत रोज उशीर. साहेबांना त्यानं कारण सांगितलं, पूजा. साहेबांचं मत त्याच्याविषयी फार चांगलं झालं आहे, पण उशीर मांडतात.

१३ एप्रिल
उन्हाळी कामं सुरू झाली. शेवया, कुरडया, पापड. दरवर्षी गल्लीचं सगळं आमच्या परसात व्हायचं. अव्वा खाटेवर बसून चीक शिजला की नाही ते सांगायची आणि बाया तिचं ऐकायच्या. यंदा धुरपताबाईच्या गच्चीवर आहे. अव्वाला जिना चढवत नाही. मी म्हणालो, दुकानातून तयार कुरडया आणतो, दगदग कशाला. "आण," म्हणाली.
प्रश्न मिटला. तरी दिवसभर बरं वाटलं नाही. ऊन फार आहे.

२७ एप्रिल, रविवार
शिवराजला बघायला मुलीकडचे आले. पाचजण. चपला हातात घेऊन बैठकीतून स्वयंपाकघरात शिरले. शिवप्रिया भाकरी थापत होती, ती पिठाच्या हातानं उठली. मुलीच्या मामानं तिला वाकून नमस्कार केला. त्यांचा समज झाला की हीच मुलाची वहिनी आणि मी थोरला भाऊ. मग अव्वाला विचारलं, आजी, मुलाला शेती किती? अव्वा म्हणाली, "मला काय ठाव बाबा, त्यो भाडेकरू हाय." मामा म्हणाले, चुलीपुढून जाणारा भाडेकरू आम्ही पाहिला नाही, काहीतरी लपवताय. चहा न घेता गेले. शिवराजची मान वर झाली नाही. माझीही झाली नाही, पण मी कप मोजत असल्याचं दाखवलं.

३० एप्रिल
शिवराज गेला. भांडला नाही. अव्वाच्या पाया पडला. म्हणाला, काका, खोली लई चांगली हाय, फक्त तिथं पोचता येत न्हाय.
शाळेत विचारलं तर बदली झाली म्हणून सांगायचं ठरवलं. नंतर ठरवलं, गेला हेच सांगायचं नाही.

४ मे
युनिटपुढच्या दोरीवर माझा एक शर्ट आणि टॉवेल वाळत घातला. गच्चीवरून बायांना दिसतो. संध्याकाळी आत दिवा लावून येतो. मागच्या गल्लीनं बाजार जवळ पडतो, तरी हल्ली हमरस्त्यानं जातो. लाज नव्हे. चालणं होतं.
शिवप्रियानं शर्ट ओळखला. घडी करून कपाटात ठेवला. मी पुन्हा घातला.

११ मे, रविवार, दुपार
हे युनिटमध्ये बसून लिहितो आहे. ओल आली का ते बघायला आलो होतो. खरं म्हणजे आलो होतो दिवा नीट लागतो का ते बघायला.
बाहेर आवाज आला म्हणून दाराच्या फटीतून पाहिलं. अव्वा पिस्ता कलरच्या भिंतीला पाठ लावून बसली होती, जिथं दार होतं तिथं. पलीकडच्या गल्लीतून धुरपताबाई बोलत होती. दोघी मोठ्यानं बोलत होत्या, भिंत जाड आहे. बिरदेवनं काम चांगलं केलं आहे. मला वाटलं आज पहिल्यांदाच. पण अव्वाखाली बसकर होतं आणि बाजूला तांब्या. रोजची जागा होती ती.
धुरपताबाई म्हणाली, कुरडया वाळल्या, तुझ्या वाटणीच्या कुठनं देऊ? मग म्हणाली, खोली मोकळी झाली म्हणत्यात, पोराला सांग की दार काढायला.
अव्वा म्हणाली, "मोकळी कुठं, भाडेकरू हाय की. शर्ट बघिटलास न्हवं? बँकेतला हाय. माझ्या शिवपुत्राचं लई झाक चाललंय. दाराचं काय एवढं, मला करमतंय."
मी आयुष्यात अव्वाला खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. खोटं नीट बोलताही येत नाही तिला, मध्येच खोकली.
धुरपताबाई गेली तरी अव्वा उठली नाही. मला बाहेर पडायला तीच एक वाट, तिच्यासमोरून. मी टेबलाशी बसून हे लिहायला घेतलं. वाटलं, ती दमेल, आत जाईल, मग निघू. पंखाही लावला नाही, आवाज होईल म्हणून. अंगाला धारा लागल्या. बाहेर यावं, तिच्या पायाशी बसावं असं वाटत होतं, आणि धीर होत नव्हता.
आत्ता तिनं हाक मारली. मोठ्यानं नाही.
"शिवपुत्रा, च्या झालाय. लई उकडत असंल आत. ये भायेर, मी तिकडं बघत न्हाय."
फटीतून पाहिलं. तिनं बसकर फिरवून तोंड भिंतीकडं केलं आहे. वही मिटतो.