सासूबाईंच्या सहा गोधड्या

सौ. वन्सं यांना,

भावजयीचा वाकून नमस्कार. (वाकून म्हटलं खरं, पण कंबर धरल्यामुळे तो मानेनेच केला आहे, गोड मानून घ्यावा.) तुमचे गुडघे कसे आहेत आणि तुमच्या ह्यांचा खोकला थांबला का, ते कळवा. तुमचे बंधू ठीक आहेत. आई गेल्यापासून त्यांचं बोलणं कमी झालंय, पण आधी तरी ते कुठे फार बोलत होते. मीही ठणठणीत. घरात आता इतकी शांतता आहे की दुपारी तीन-तीन तास झोपावं. झोप लागत नाही, ती गोष्ट वेगळी.

पत्रास कारण की, एक गुन्हा कबूल करायचा आहे. ‘मी येईपर्यंत आईच्या कपाटाला हात लावायचा नाही,’ असं तुम्ही बजावून गेला होतात. मी लावला. हात कसला, कपाट रिकामंच केलं. झालं असं की आमच्या शिवणमंडळाने (दर बुधवारी दुपारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत आठ बायका, सहा चष्मे आणि एकच धड कात्री) म्हाताऱ्या माणसांच्या दवाखान्याला वीस गोधड्या द्यायचं कबूल केलं होतं. चौदा झाल्या आणि जुनं सुती कापड संपलं. अध्यक्षीणबाईंनी सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं की आमच्याकडे आहे. मग सासूबाईंचे गाऊन, अभ्रे, दोन चादरी असं सगळं कापून सहा गोधड्या केल्या. टाके माझे, म्हणजे कोंबडी चिखलातून चालत गेल्यासारखे. तुम्हाला ठाऊकच आहे, मी शिवलेलं काहीही, मी दुपारी लवंडले की सासूबाई उसवायच्या आणि पुन्हा शिवायच्या, एक शब्द न बोलता. (शब्द चहाच्या वेळी असायचे.)

गोधड्या पोहोचून आठवडा झाला आणि दवाखान्याच्या मेट्रनबाईंचा फोन आला. मला वाटलं, आभार मानायला असेल. तर त्या विचारू लागल्या की गोधडीत काही घातलंय का. म्हटलं, जुन्या कपड्यांशिवाय काय घालणार? मग त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं की सहा खाटांवरची माणसं तक्रार करताहेत, उशाशी कुणी बाई येऊन रागावते. त्यांतले दोघं ठार बहिरे, तरी ऐकू आलं ते सगळ्यांना सारखंच. पाय आत घ्या. टाकायचं असेल तर वाढून घेतलंत कशाला. आणि दर वाक्याच्या शेवटी जिभेचा ‘च्’. वन्सं, मेट्रनबाईंनी त्या ‘च्’ची नुसती नक्कल केली, तर इकडे माझा हात आपोआप ओट्यावरच्या फडक्याची घडी करू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला मी तिथे हजर. वॉर्डात लख्ख ऊन, फिनेलचा वास, भिण्यासारखं काहीच नाही. पहिल्या खाटेवर एक निवृत्त पोस्टमास्तर आहेत. दोन महिने त्यांनी तोंडात घास घेतला नव्हता, सगळं नळीवर चाललेलं. ते उठून बसले होते आणि वाटी चाटूनपुसून साफ करत होते. मला म्हणाले, “त्या उभ्या राहतात हो. वाटी रिकामी झाल्याशिवाय हलत नाहीत.” कुठे उभ्या राहतात म्हणून विचारलं, तर त्यांनी माझ्या डाव्या खांद्यामागे बोट दाखवलं. मी वळले नाही. (तीस वर्षांत एवढं शिकले आहे, त्या मागे असल्या की वळायचं नाही, हातातलं काम चालू ठेवायचं.) हाताला काम म्हणून गोधडीचा काठ उलटला आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिला. टाके माझे नव्हते. तिळाएवढे, सरळ, एका रांगेत. माझ्या जुन्या टाक्यांची भोकं शेजारी तशीच दिसत होती. त्या वॉर्डात सुई धरता येईल असा एक हात नाही, वन्सं. चार गोधड्या पुऱ्या झाल्या होत्या, पाचवी अर्ध्यावर होती. मेट्रनबाई म्हणाल्या, रोज दुपारच्या झोपेनंतर आणखी अर्धी गोधडी शिवून झालेली असते.

सहाव्या गोधडीची खाट तेव्हा रिकामी होती. (माणूस बरा होऊन घरी गेला होता, भलतंसलतं मनात आणू नका.) मी चपला काढल्या आणि गोधडी अंगावर घेऊन पडले. मुद्दाम पाय बाहेर ठेवले. तासभर वाट पाहिली. शेजारच्या आजोबांना दोनदा बोलणी बसली, ते मला त्यांच्या ‘हो, हो, घेतो’वरून कळलं. मला काही नाही. सासूबाई खऱ्या रागावल्या की बोलायच्याच नाहीत, हे तुम्हीही भोगलं आहे. तुम्हाला न विचारता कपाट उघडलं, त्याचाच हा अबोला, दुसरं काय? पण मला फार वाईट वाटलं. ओळख ना पाळख अशा माणसांच्या उशाशी ताटकळत उभ्या राहतात, आणि मला एक ‘च्’सुद्धा नाही.

निघताना मी एक गोधडी परत मागून पाहिली. मेट्रनबाईंनी साफ नकार दिला, म्हणाल्या, सगळे पोटभर जेवायला लागलेत. तेव्हा कपडे सत्कारणी लागले असं समजून तुम्ही मला माफ करावं. माझी काळजी नसावी. इतकी मोकळीक मला लग्न झाल्यापासून नव्हती, मी अगदी सुखात आहे.

तुमची,
भावजय

ता. क. जाताना आठवण म्हणून तुम्ही आईंचा निळा गाऊन नेलात, तो पाठवाल का? या खेपेला आधी विचारते आहे. सातवी गोधडी शिवायची आहे, दवाखान्यासाठी नाही. तुमच्या बंधूंना थंडी वाजते असं लिहिणार होते, पण खरं म्हणजे मलाच हवी आहे.

आणखी एक. मंडळाचा नियम असा की गेलेल्या माणसाचं कापड उकळत्या पाण्यातून काढल्याशिवाय त्याला सुई लावायची नाही. मी सहाही गोधड्या न धुता शिवल्या. कपाट उघडलं की त्यांच्या गुडघ्यांच्या तेलाचा वास यायचा, तो पातेल्यात घालायचा मला धीर झाला नाही. निळा गाऊन तुम्ही धुतला नसेल अशी आशा आहे. धुतला असेल तर मला कळवू नका, नुसता पाठवा.