ताईचा बसलेला घसा

ती. ताईस,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे तूर्त कागदावरच.)

वीस वर्षांपूर्वी ऐन रेकॉर्डिंगच्या सकाळी तू गळ्याला मफलर गुंडाळून स्टुडिओत आलीस आणि संगीतकारांना म्हणालीस, "घसा बसलाय. धाकटी गाईल, तिला चाल पाठ आहे." कोरसमधली मी एकदम माइकसमोर! गाणं गाजलं आणि मी गायिका झाले.

पण मी पडले न्यायशास्त्र शिकलेली. कारणावाचून कार्य मानायची नाही. लहानपणी बाहुलीचा तुटका हातही न देणारी तू अख्खं गाणं देतेस? मी अनुमान काढलं, की अंतऱ्यातला वरचा पंचम तुला लागेना. मुलाखतींतून तेच हसत हसत सांगत आले. तुला बोलावणी येईनाशी झाली. तू कधी खोडून काढलं नाहीस. मला तोही कबुलीजबाबच वाटला.

काल तेव्हाच्या रेकॉर्डिस्टने त्या रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशीच्या तालमीची टेप ऐकवली. तुझा पंचम इतका अलगद लागलाय, की मी खुर्चीतून उठले. शेवटी तू म्हणतेस, "हे पुसून टाका हं. धाकटीनं ऐकलं तर ती गायचीच नाही."

क्षमा मागितली तर म्हणशील, "अगं, विसरले मी ते." ते खरं की आणखी एक उपकार, हा संशय मला पुन्हा छळेल. म्हणून हे पत्र खणातच ठेवते. उद्या रेडिओवरच्या मुलाखतीत सगळं सांगून तुझी टेप लावणार आहे. चिडलीस तर फोन करून खुशाल झाप. तेवढं मी खरं मानेन.

तुझी संशयात्मा,
धाकटी