वाळे वाजत आहेत तोवर

माय,
तुझा चेहरा आता मला धड आठवत नाही, पण तुझा कान आठवतो. आष्टीच्या बाजारासाठी तू मुंगवड्या करायचीस, तेव्हा तुझे डोळे पाट्यावरच्या डाळीवर असायचे आणि कान अंगणात. माझ्या धाकट्या भावाच्या पायात तू घुंगरांचे वाळे घातले होतेस. तो अंगणभर छुमछुम फिरायचा आणि तुझा वरवंटा चालत राहायचा. मी बाजेवर अंथरलेल्या जुन्या धोतरावर वड्या टाकत बसायची. एक दिवस वरवंटा मध्येच थांबला. मला तर काहीच ऐकू आलं नव्हतं. काय झालं म्हणून विचारते, तोवर तू डाळीनं माखलेल्या हातांनी धावत सुटलेली. धाकटा गुरांच्या हौदावर पोट टेकून पाण्यात वाकला होता, पाय जमिनीवरून सुटलेले. त्याला कडेवर घेऊन आलीस आणि रागावलीस मात्र माझ्यावर. "आवाज आल्यावर कोणीबी उठते, पोरी. आवाज बंद झाला का उठजो."

सध्या मी वर्ध्याला लेकीकडे असते. जावई नोकरीपायी पुण्याला. लेक घरूनच काम करते. घरून तर तूही करायचीस, पण तुझ्या कामाला पोराचा आवाज चालत होता. हिचं काम कानाला यंत्र लावून दिवसभर अनोळखी माणसांशी गोड हिंदीत बोलायचं. कुणाचं मशीन बिघडलं, कुणाचा माल पोचला नाही, सगळ्यांची बोलणी हिनं ऐकायची आणि वर 'जी सर' म्हणायचं. मागून पोराचा आवाज आला की वरचा साहेब टोकतो. दोनदा टोकून झालं आहे. पोरगी डोळ्यांसमोर राहावी म्हणून तिनं ही नोकरी धरली, आणि आता पोरगी भिंतीपलीकडे असून तिला दिवसभर दिसत नाही.

नात अडीच वर्षांची. तिचे वाळे लेकीनं काढून कपाटात ठेवले. मलाही ते पटलं, पोटापाण्यापुढे दागिन्याचं काय एवढं. पण मग हळूहळू पोरच गप होत गेली. आईनं यंत्र कानाला लावलं की ही आपल्या ओठांवर बोट ठेवते. भांडीकुंडी खेळते तर वाटीखाली रुमाल घालते. शेजारीण म्हणते, किती शहाणी हो तुमची नात, घरात लेकरू आहे असं वाटतच नाही. 

मागल्या आठवड्यात मी गच्चीवर मिरच्या वाळत घालून खाली आले, तर नात कुठं दिसेना. लेकीच्या खोलीचं दार लोटलेलं, आत बोलणं चालू. मी आधी न्हाणीतला पाण्याचा ड्रम पाहिला. झाकण जागेवर होतं, तरी उघडून आत हात घालून पाहिला. पलंगाखाली पाहिलं, जिन्यात पाहिलं, कूलरच्या मागं पाहिलं. तरी मी तिला हाक मारली नाही. का, तर आत साहेब ऐकत असेल. चपला काढून, पदर तोंडात धरून मी घरभर शोधत होते, जणू मीच चोर. पोर सापडली स्वयंपाकघराच्या दारामागं. बिजागरीच्या फटीत बोटं अडकलेली. गालांवरून पाणी ओघळत होतं आणि दुसरा हात तिनं स्वतःच्याच तोंडावर घट्ट दाबून धरला होता. मी वाकले तशी कानाशी कुजबुजली, "मम्मी फोनवर हाये."

बोटं निळी पडली, पण हाड शाबूत राहिलं. दवाखान्यातून आल्यावर लेक भिंतीला टेकून खालीच बसली. रागानं नाही, अगदी हळू विचारलं तिनं, "आई, तू मले आवाज काऊन नाई देल्ला?"  मग ती स्वतःशीच म्हणाली की मला वाटायचं, घरात आवाज नाही म्हणजे सगळं बरं आहे. तुझं ते हौदाजवळचं बोलणं मी तिला कधी सांगितलंच नव्हतं गं.

दुसऱ्या दिवशी तिनंच कपाटातून वाळे काढून दिले. साहेबाला काय बोलायचं ते बोलू दे, म्हणाली. मी ते नातीच्या पायात चढवले. सकाळभर घर वाजत होतं. मग लेक कामाला बसली, दार लोटलं गेलं आणि वाळे थांबले. मी उठले. पाहते तर पोर चालते आहे. टाचा उचलून, भिंतीला हात लावून, एकही घुंगरू हलणार नाही असं पाऊल टाकत.

आवाज बंद झाला का उठ, म्हणालीस तू. पण जिथं तो बंदच असतो, तिथं किती वेळा उठायचं? गुडघे बोलतात, तरी उठते. दूध उतू गेलं तरी आधी तिच्याकडे जाते. उद्या बाजारात कुणी हिला हात धरून नेलं तर ही ओरडेल का? पोटात दुखलं तर सांगेल का? आणि मी तुझ्याकडे आल्यावर हिच्यासाठी कोण उठेल, हा विचार मनात आला की हातातला घास हातातच राहतो.

हे लिहून तरी काय होणार. तुला वाचता येत नव्हतं, मीही धाकट्याच्या पाटीवरची अक्षरं गिरवत शिकले. कागद पिठाच्या डब्याखाली ठेवून देईन. फक्त एक गोष्ट घरात कुणाला सांगितली नाही, ती तुला सांगते. काल लेकीचं बोलणं चालू असताना मी ओट्यावरची पितळी परात मुद्दाम खाली सोडली. घर दणाणलं. नात दचकली, ओठांवर बोट गेलं, नजर दाराकडे. आतून लेकीचं 'सॉरी सर' ऐकू आलं, आणि बोलणं पुढं चालू झालं. साहेब काय म्हणाला ते विचारायची माझी अजून छाती झालेली नाही. नात बराच वेळ परातीकडे पाहत राहिली. मग तिनं एक पाय उचलला आणि फरशीवर आपटला. एकदाच. आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं.

लेकीला वाटतं, म्हातारीच्या हातून परात निसटली. वाटू दे. आज पुन्हा निसटणार आहे.