दुहेरी शिलाईची चड्डी

तीर्थस्वरूप मामांस,

भाच्याचा उभ्यानेच नमस्कार. (वाकून करायला हवा, पण वाकलं की तिथे ताण बसतो. ‘तिथे’ म्हणजे कुठे, ते ओघाने येईलच.) तुमचा खोकला, तुमचं शिलाई मशीन, सगळं ठीक ना? हे पत्र ओट्यावर कागद ठेवून लिहितो आहे. घरात चार खुर्च्या आहेत आणि आठवडाभर माझं एकीशीही पटत नाही.

तर, आमच्या बेकरीच्या मालकांना टेकडीवरच्या दवाखान्यात रोज पाव पोचवायचं काम मिळालं. मालक म्हणाले, शनिवारी सातच्या आत सायकलवरून पोचवलेस तर फेरी तुझी, नाहीतर व्हॅन घेतो. व्हॅन आली की माझी गरज संपली, हे ते बोलले नाहीत, पण मला कळलं. (मला मोटार चालवता येत नाही, आणि पन्नाशीत मला दुसरीकडे कोण विचारतो?) म्हणून सराव सुरू केला आणि तुमच्याकडून आत गादी असलेली चड्डी शिवून मागवली. तुम्ही चिठ्ठी लावून पाठवलीत, ‘दुहेरी शिलाई मारली आहे. माणूस झिजेल, शिलाई झिजणार नाही.’ मामा, तुमचा शब्द खरा ठरला.

माणूस आणि सीट यांची जिथे गाठ पडते, नेमकी तिथूनच ती शिलाई गेली होती. तुम्ही मायेने शिवलेली, म्हणून मी ब्र काढला नाही. काचू नये म्हणून आत नेहमीची चड्डी घातली, तर दुप्पट काचायला लागलं. पावडर फासली, तर घामाने तिची कणीक झाली (बेकरीतल्या माणसाला एवढं कळायला हवं होतं). त्यात भर म्हणजे घरी येऊन त्याच ओल्या चड्डीत निवांत चहा. गुरुवारी गळू आलं. सांगताही येईना आणि सहनही होईना. अवघड जागेचं दुखणं आणि जावई वैद्य म्हणतात. मला जावई नाही, पण खाली बाजारातल्या दवाखान्यात गेलो, तर डॉक्टरीणबाई निघाल्या शाळेत माझ्याच वर्गातल्या. त्यांनी ओळख दाखवली नाही आणि मी पालथा पडून भिंतीशी ओळख वाढवली. म्हणाल्या, चड्डीच्या आत काही घालायचं नाही, घामाचे कपडे आल्या आल्या बदला, जागा धुऊन कोरडी ठेवा, निघताना मलम लावा, सीट बोटभर खाली घ्या. आणि आठ दिवस सायकल बंद, नाहीतर गळू चिरावं लागेल. शनिवार तर परवावर आला होता.

मग त्यांनी विचारलं, “ही चड्डी कोणी शिवली?” मी म्हणालो, “ओळखीचे नाहीत.” मामा, बोललो आणि मलाच माझी लाज वाटली.

शनिवारी साडेपाचला दीडशे पाव बांधून निघालो. ठरवलं होतं, टेकायचं नाही. सपाटीवर उभा, चढावर उभा, मांड्या थरथरतायत, मलमाचा उपयोग संपलेला. शेवटच्या वळणावर घड्याळात सहा मिनिटं उरली आणि पाय अडले. एक क्षण टेकलो. डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि मी असा उसळलो की उरलेला चढ त्या उसळीतच पार झाला. सातला दोन मिनिटं कमी होती. दवाखान्याच्या स्वयंपाकीणबाईंनी कौतुकाने खुर्ची पुढे केली. मी हात जोडले. त्यांनी मालकांना कळवलं, “फार नम्र माणूस, बसा म्हटलं तरीसुद्धा बसेना.” फेरी मला मिळाली.

डॉक्टरीणबाईंना अजून तोंड दाखवलेलं नाही. तब्येतीला जपा.

तुमचा,
उभा भाचा

ता. क. चड्डी सोबत पाठवतो आहे. तेवढी मधली शिलाई काढून द्या.

ता. क. २ वरचं रद्द. चड्डी पाठवत नाही. बांधताना खिडकीशी धरून पाहिली. शिलाई बाजूने निघून हळूहळू वाकडी होत मध्ये आली आहे, आणि तुमची खडूची रेघ शेजारी तशीच कोरी राहिली आहे. तुमची शिलाई कधी सूतभर सरकली नव्हती. मामा, तुम्हाला रेघ दिसली नाही ना? मामी गेल्यापासून सुईत दोरा कोण ओवून देतं, हे मी एकदाही विचारलं नाही. चुकलंच माझं.

ता. क. ३ डोळ्यांच्या डॉक्टरांकडे येत्या गुरुवारी अकराची वेळ घेतली आहे. फेरी आटपून सायकलवर न्यायला येतो. नाही म्हणू नका. मागे उशी बांधली आहे, तुम्ही तिच्यावर बसा. माझ्या बसण्याची काळजी करू नका.