सुन्न गुडघ्यावरचं पारायण

सोम. ३ नोव्हें.
आक्काचं पार्सल आलं. वाती, उदबत्त्या, लोकरीचं आसन, मेतकूट. मेतकुटाच्या पिशवीत खुपसलेल्या इंजेक्शनच्या चार बाटल्या, मिळून १८० रु. इथे कस्टमचे १४ युरो मीच भरले. तरी स्वस्तच, इथे डॉक्टरची नुसती फी ६५. बाटल्या किचनच्या कपाटात, इथे त्याला प्रेस म्हणतात, डाळींच्या मागे. मंदार-ऋताला बोलले नाही.

बुध. ५
पारायण सोमवारपासून. सात दिवस, जमिनीवर, मांडी घालून. ऋताच्या बाळंतपणासाठी नवस बोलले होते. सून, नात सुखरूप, आता फेडायचं. पण जिना उतरताना गुडघा करकरतो. मे महिन्यात साताऱ्याला आक्काच्या डॉक्टरांनी दोनदा सुई दिली, तेव्हा सप्ताह असा झाला की दुखलं म्हणून नाही. महाराजांची कृपा म्हटलं.

शुक्र. ७
शेजारची वैशाली नर्स आहे, नाशिकची. साबुदाणावडे नेले, बाटल्या दाखवल्या, टोचशील का विचारलं.
"काकू, वड्यांची लाच?" लेबल वाचलं नि हसू गेलं. "हे नुसतं बधिर करायचं औषध. गुडघा बरा नाही होत, ओरडायचा थांबतो."
म्हटलं, मला तेवढंच हवंय.
"सांध्यात पुन्हा पुन्हा गेलं तर कूर्चा मरू शकते. हाडांमधली गादी हो. गेली की परत येत नाही. आणि बधिर पायावर आठवडाभर मांडी घातलीत?"
टोचलं नाही तिने. बाटल्या आणि वडे, दोन्ही ठेवून घेतले.

सोम. १०
आक्काला फोन केला. "तिथल्या पोरींना काय कळतंय! माझं आठवं इंजेक्शन झालं पौर्णिमेला. कंपाउंडर दर महिन्याला घरी येऊन टोचतो, की मी ओट्याशी उभी."
आठ!
पाय कसा आहे? "झकास."
मागून भाचा ओरडला, "मावशी, काठीशिवाय उठत नाही ती!" आक्काने फोन ठेवला.
पोथी खुर्चीवर बसून सुरू केली. ऋता म्हणते, "आई, देव काय तुमची मांडी बघायला येतोय?" लाघवी आहे पोर. तरी मन लागेना. बोललेलं फिटतंय का हे, की…

गुरु. १३
शेवटी मंदारला सगळं सांगितलं, तो डॉक्टरकडे घेऊन गेला. ६५ गेलेच. डॉक्टरबाई म्हणाल्या, झीज आहे. वयाची की सुईची, सांगता येत नाही. मे महिन्यात काय औषध, किती घातलं ते विचारत होत्या. मला कुठे माहीत?

शनि. १५
अध्याय वाचते नि डोळ्यांसमोर आक्काची काठी. पुन्हा फोन केला. "हो हो, नाही घेत." तिचं हो हो मला लहानपणापासून ठाऊक. पण कागदावर ती खोटं लिहीत नाही. म्हणून पत्र टाकलं. त्यात शेवटी लिहिलं:
मला दोनदा काय टोचलं, किती, ते डॉक्टरांना विचार. तुझा गुडघा सकाळी कसा असतो ते खरं लिही. येत्या पौर्णिमेला कंपाउंडरला दारातून परत पाठव. पाठवशील ना, एवढं उलट टपाली कळव.