बाजू बदललेले बापलेक

अहो,

माझं रोजचं मौन बारापर्यंत आहे आणि नवी पिकअप गाडी कोणती घ्यायची ते शोरूमला अकराला सांगायचं आहे, म्हणून लिहून ठेवते.

वीस वर्षं ज्या कंपनीच्या गाड्या घेतल्या ती सोडायची, इथवर तुमचं आणि रितिकाचं जमलं. मग तुम्हाला वर्धा रोडच्या शोरूममधली हवी, तिला कामठी रोडची, आणि आठ दिवस झाले बापलेक बोलत नाही. माझ्याशी मात्र दोघंही बोलता, तेही माझ्या मौनातच, कारण मी उत्तर देत नाही.

सोमवारी तुम्ही म्हणालात, "घेऊ दे पोरीले तिच्या पसंतीची. चालवते तर तीच." काल ती म्हणाली, "बाबाचीच घेऊन टाकू वं आई. काहून दुखवायचं त्यांना?" हसू दाबताना माझी जपमाळ चुकली.

मौनात ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही, हा माझा नेम. लिहायचं नाही असं कुठे ठरलं होतं?

काल दुपारी टेप घेऊन दोन्ही गाड्या मोजून आले. आपण गिऱ्हाइकाकडे पोचवतो ती सात फुटी दाराची चौकट ठेवून मागचा फाळका बंद होतो तो कामठी रोडच्या गाडीचा. तीच घ्या. कंपनी म्हणजे काही कुलदैवत नाही, बदलली तर कोपणार नाही.

पोहे झाकून ठेवले आहेत. दोघं सोबत खा, बुकिंग करा आणि टेकडी गणपतीला या, मी तिथेच आहे. वाटेत बोला एकमेकांशी. या घरात मौनाचं व्रत माझं एकटीचं आहे.

– प्रेमलता